आमची चक्की आणि एक इंग्रजी शब्द

चक्कीचं इंजन सुरू झालं की आमच्या घरातली मांडणीवरची भांडी थरथरायची. पितळी डबे, वाट्या, बाबांचा पाण्याचा गडू, सगळं आपापल्या आवाजात. पाहुणे दचकायचे. आम्हाला मात्र इंजन बंद पडलं की काहीतरी चुकल्यासारखं व्हायचं. बाबांनी ओसरीला लागून पत्र्याची खोली काढली होती, तिच्यात चक्की, आणि मधल्या भिंतीतल्या दारातून पीठ घरात यायचं. चुलीवर, अंथरुणावर, माझ्या पुस्तकांवर, देवाच्या तसबिरीवर. बाबांच्या भुवया कायम पांढऱ्या. ते जेवायला बसले की माय म्हणायची, "आंधी तोंड धुवा, तुमच्या आंगावरच एक भाकर निघन." आता माझ्याही भुवया पांढऱ्या झाल्यात. सकाळी आरशात पाहिलं की बाबाच दिसतात. ते दिसले की आधी राग येतो, मग कीव येते, आणि मी तोंड धुऊन चहा ठेवायला जाते.

चक्कीवर एक गोष्ट सगळ्यांना माहीत असते आणि कोणी तिच्याबद्दल बोलत नाही. एकाचं दळण संपलं तरी दगडांच्या पोटात मूठभर पीठ राहतं, आणि ते पुढच्याच्या डब्यात उतरतं. त्याचं पुढच्याच्या पुढच्याला. म्हणजे गावातल्या प्रत्येक भाकरीत शेजाऱ्याचा घास असतोच. आमच्या गावात यावर तोडगा काढलेला होता. सकाळी इंजन सुरू झालं की पहिला डबा आमच्या घरचा, तो चक्कीवाल्याचा मान. मग आलेल्या नंबरानं बाकीचे. आणि दिवेलागणीला सगळ्यात शेवटी बौद्धवाड्यातली दळणं. तिथल्या लोकांनी दीक्षा घेऊन काही वर्षं झाली होती, पण गाव त्यांना जुन्याच नावानं हाक मारायचं. ते नाव मी इथं लिहीत नाही. त्यांची दळणं झाली की बाबा आमच्या कणगीतली ओंजळभर जवारी वरून टाकायचे, दगड धुतल्यासारखी. ते पीठ म्हशीच्या आंबोणात जायचं. बाबांना यात काही वावगं वाटत नव्हतं. उलट ते अभिमानानं सांगायचे, "दुसऱ्या गावात तं त्याइचं दळतच नाई. आपन दळतो." माणूस वाईट नव्हता. मुंगीला पाय लागला तर बाजूला व्हायचा. पण गावातल्या चार माणसांनी आवाज चढवला की त्याच्या हातातला गडू हलायचा.

यमुना बौद्धवाड्यातली. ती आणि मी एका वर्गात, मॅट्रिकला. शाळा दीड कोसावरच्या मोठ्या गावात होती आणि वाट पऱ्हाटीच्या म्हणजे कपाशीच्या वावरांमधून. एकट्या पोरीला त्या वाटेनं कोण धाडणार? मला शाळेत घातलं ते यमुनाची सोबत होती म्हणून, आणि तिला घातलं ते माझी होती म्हणून. दोघींपैकी एकीचं थांबलं की दुसरीचं आपोआप थांबणार, हे आम्हाला कोणी सांगावं लागलं नव्हतं. पावसाळ्यात चपला हातात, उन्हाळ्यात पदर डोक्यावर, आणि तोंडानं इतिहासाच्या सनावळ्या. ती माझ्यापेक्षा हुशार होती. इंग्रजीत तर फारच. मी शब्द पाठ करायची, ती शब्दाला उलटापालटा करून बघायची, बाजारात वांगं बघतात तसं.

त्या वर्षी दिवाळीनंतर तिची आई गिरजाबाई सकाळीच चक्कीवर आली आणि आपली टोपली नंबरात ठेवली. गिरजाबाई अंगानं किरकोळ, त्यात दिवस राहिलेले. नवरा मलकापूरला जिनिंगमध्ये हमाली करायचा, महिन्यातून कधी यायचा. संध्याकाळी दळणासाठी यमुनाला ताटकळावं लागायचं, दिव्याजवळ बसायची वेळ चक्कीच्या दारात जायची. गिरजाबाईनं तेवढंच सांगितलं. "भाऊ, पोरीचं मॅट्रिकचं वरीस हाये. तिले संध्याकाळी अभ्यास करू द्या. माहा नंबर आला की दळा." तिच्या मागं उभ्या असलेल्या बायांनी आपले डबे उचलले आणि निघून गेल्या. बाबांनी इंजन बंद केलं. भांडी थांबली. मी आत केस विंचरत होते, ती शांतता मला अजून ऐकू येते.

दुपारी पारावर माणसं बसली. आबा पाटील म्हणून एक जाणते गृहस्थ होते, गावात त्यांचा शब्द चालायचा. ठरलं असं की बौद्धवाड्याचं दळण आता चक्कीवर घ्यायचंच नाही, सकाळीही नाही, संध्याकाळीही नाही. कोणी कोणाला शिवी दिली नाही. कोणी कोणावर हात उचलला नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढं या गोष्टीला महत्त्व आलं. बाबा घरी आले, भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "म्या काय करू? मले याच गावात राह्यचं हाये." माय भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही.

बौद्धवाड्यात माळ्यावरची जाती खाली निघाली. पहाटे तिकडून घरघर यायची, मग उजाडलं की आमचं इंजन, आणि त्यात ती घरघर बुडून जायची. दुसरी चक्की बाजाराच्या गावी होती, पण जवारीचं पीठ चार दिवसांत कडू होतं, आठवड्याचं दळून ठेवता येत नाही. गिरजाबाईला आता जात्यावर बसणं जमेना. म्हणून यमुना उठायची, घरचं दळायची, भाकरी टाकायची आणि मग माझ्यासोबत शाळेला यायची. तिच्या तळहाताला फोड आले, फुटले, त्यावर पुन्हा आले. लेखणी धरली की बोटं आखडायची. वाटेत ती सनावळ्या म्हणेनाशी झाली. दळणाला वेळ नसला की घरी कण्या शिजायच्या, आणि डब्यात कण्या आणलेल्या दिसल्या की मी समजायची. मी माझी भाकर पुढं करायची, ती म्हणायची, "नको. तुमच्या चक्कीची हाये." रागानं नाही, थकून म्हणायची.

आमचे इंग्रजीचे सर पुण्याकडचे. धोतर स्वच्छ, उच्चार स्वच्छ. आम्ही 'मले, तुले' म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची, पण शिकवायचे जीव तोडून. त्या दिवशी धड्यात एका परक्या राजाच्या फौजेनं शहर लुटल्याचं वर्णन होतं आणि त्यात शब्द आला, ॲट्रॉसिटीज. सरांनी फळ्यावर लिहिला, अर्थ सांगितला, अमानुष अत्याचार, क्रौर्याची कृत्यं. मग खुर्ची सोडून ते टेबलापुढं आले. म्हणजे शब्द त्यांना आवडलेला होता. म्हणाले, हा शब्द साहित्यात बहुधा अनेकवचनी येतो. तो एकटादुकटा फिरत नाही. युद्ध, आक्रमण, जुलमी सत्ता, असं काही मागं असलं की त्याला शोभा. आता प्रत्येकानं उभं राहून एक वाक्य करा.

आम्ही केली. कोणाच्या वाक्यात उत्तरेकडून आलेली टोळी, कोणाच्या वाक्यात गोरे साहेब. माझ्या वाक्यात रोमचा कुठलासा बादशहा होता. सगळे अत्याचार लांब, सगळे अत्याचारी मेलेले. यमुनाची पाळी आली. ती उभी राहिली आणि तिनं इंग्रजीत जे म्हटलं त्याचा अर्थ असा, आमच्या गावचा चक्कीवाला आमचं धान्य दळत नाही, ही एक ॲट्रॉसिटी आहे. वर्गात पोरं फिदीफिदी हसली. माझे कान तापले. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही, मीही तिच्याकडं पाहिलं नाही.

सर चिडले नाहीत. ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते समजुतीनं म्हणाले, "वाक्याची रचना बरोबर आहे. पण बाळ, शब्द फार मोठा वापरलास. या शब्दाला रक्त लागतं. तू सांगतेस ती... गैरसोय झाली. चांगला लेखक शब्द उचलण्याआधी त्याचं वजन करतो."

यमुना बसली नाही. "सर, मंग किती झालं म्हंजे तो शब्द चालते?"

सरांनी खडूची पूड हातांवरून झटकली आणि पुढच्या मुलाला उभं केलं.

मी पुढं जन्मभर शाळेतच खडू झिजवला. हा शब्द किती वर्गांना शिकवला असेन. आणि आता तो शब्द गावोगावी माणसांच्या तोंडी आहे, कायद्यामुळे. परवा माझा भाचा आला होता, सोयाबीनचं सांगता सांगता म्हणाला, "मावशी, अमक्यानं तमक्यावर अट्रासिटी टाकली." मी विचारलं, अर्थ काय रे त्याचा? म्हणाला, "अर्थ काय असते? केस." म्हणजे ज्यानं केलं त्याचं कृत्य या शब्दातून गळून गेलं आणि ज्यानं तक्रार केली तोच पकडला गेला. पोराला समजावून सांगावं असं मनात आलं, मग म्हटलं जाऊ दे. गुडघे दुखत होते. माणूस किती वेळा तेच सांगणार?

त्या दिवशी परतताना यमुना वाटेत थांबली. बोरीखाली बसून तिनं हातांवर फुंकर घातली आणि म्हणाली, "कुसुम, मले आता येनं होत नाई. मायचे दिवस भरत आले. दळन, पानी, सैपाक. तू सांगजो सरले."

"अन् मॅट्रिक?"

"तू दे ना."

"मले एकटीले कोन धाडन?"

ती उठली आणि चालायला लागली. मीही मागं चालले. माझा तिच्यावर राग होता, सरांवर होता, बाबांवर सगळ्यात जास्त होता, आणि या सगळ्यात माझी शाळा बुडणार याचं रडू येत होतं.

घरी आले आणि चुलीपुढं मायजवळ सगळं ओकून टाकलं. शब्द, वाक्य, हसणारी पोरं, सरांची गैरसोय. माय अंबाडीची भाजी घोटत होती. तिनं विचारलं, "त्या शब्दाचा आपल्या भाषेत काय अर्थ?" मी पाठ केलेला सांगितला. ती म्हणाली, "हे तं लय मोठं झालं. पन गैरसोयही नोहे ते. गैरसोय म्हंजे पावन्याले बाज नाई भेटली." आणि पुन्हा घोटायला लागली. भाजीत तिनं त्या दिवशी मीठ दोनदा टाकलं. बाबांनी ती तशीच संपवली.

दुसऱ्या दिवशी इंजन सुरू व्हायच्या आधी माय घरचा रिकामा डबा घेऊन बौद्धवाड्याकडं गेली. परत आली तेव्हा डबा भरलेला होता. घरचा डबा पहिला, त्यामुळे बाबांनी न बघता वर ओतला. पीठ झालं तसं मायनं ते माझ्या पिशवीत भरलं आणि म्हणाली, "वाटेनं जातानी गिरजाबाईच्या घरी दे. अन् यमुनाले संग घेऊन जा." आमच्या भाकरीपुरतं पीठ ती शेजारच्या काकूकडून उसनं आणायची. मी पिशवी नेली तेव्हा गिरजाबाईनं पीठ हातात घेतलं आणि नाकाला लावलं. मग म्हणाली, "तुह्या मायले सांग, म्या हे पोरीसाठी घेतो. माह्यासाठी नाई."

असं चाललं. यमुनाचे हात भरून आले. वाटेत पुन्हा सनावळ्या सुरू झाल्या. गावाची दळणं रोज गिरजाबाईच्या मागून होत होती आणि गाव खुशाल जेवत होतं. मला भाकर गिळताना हसू यायचं आणि भीतीही वाटायची.

हे फुटलं ते बाबांच्याच तोंडून. चक्कीवाल्याचा हात सारखा पिठाखाली असतो. अंगठ्यावर पीठ घासून बघायचं, जाड आहे की बारीक, आणि त्याप्रमाणे दगड आवळायचा. गिरजाबाईची जवारी मजुरीत मिळालेली, चार वावरांतली, त्यात कधी बाजरी, कधी उडदाची डाळ. संक्रांतीच्या सुमाराला, चक्कीत गर्दी असताना, बाबांनी घरच्या डब्याचं पीठ बोटावर घासलं आणि सवयीनं, काही मनात नसताना, दाराकडं तोंड करून ओरडून विचारलं, "अवं, हे आपली जवारी नोहे. हे कोनाचं दळन?"

विचारलं आणि त्यांचं त्यांनाच कळलं. पण तोवर माय दारात आली होती, हात पिठानं भरलेले.

"गिरजाबाईचं," ती म्हणाली. "महिना होत आला, पयलं तिचंच चालू हाये. तिच्या मांगं तुमचं सगळ्याइचं."

इंजन चालू होतं, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. बाया एकमेकींकडं पाहू लागल्या. एकीनं पदर तोंडाला लावला. आबा पाटलांची सूनही नंबरात होती आणि आबा स्वतः बाहेर ओट्यावर बसलेले. ते उठून दारात आले. मला वाटलं आता चक्की जाते, घर जातं. आबांनी मायकडं पाहिलं, बाबांकडं पाहिलं, मनात काय तो हिशेब केला असेल. खरं मानलं तर सगळं गाव बाटलं, त्यांच्या घरासकट. मग ते मोठ्यानं हसले. "वयनी गंमत करून राह्यल्या," म्हणाले. "दळा, दळा." आणि सगळे हसले. बाबाही हसले. माय एकटी दारात उभी होती, तिचं खरं बोलणं सगळ्यांनी मिळून हसण्यावारी नेलं होतं. इतक्या वर्षांत मी पुष्कळ माणसं हरलेली पाहिली. तशी हरलेली बाई पाहिली नाही.

दोन दिवसांनी आबांचा निरोप आला, झालं गेलं सोडा, बौद्धवाड्यानं पहिल्यासारखं दिवेलागणीला यावं. बाबा सुटल्यासारखे दिसले. गिरजाबाई म्हणाली, "नाई. शेवटी उभं राह्यचं असन तं जातं बरं." यमुनाचं पुन्हा अडणार होतं. तेव्हा मायनं सकाळी घरचा डबा उचलला आणि चक्कीतून आत आणला. बाबा म्हणाले, "अवं, पयला नंबर आपला हाये." ती म्हणाली, "आजपासून आपला शेवटचा. त्याइच्याही मांगं. अन् मधात ते ओंजळ टाकाची नाई." बाबा तिच्याकडं पाहत राहिले. गडू त्यांच्या हातात होता, तो हलला नाही. म्हणाले, "बरं." मला वाटतं बाबांनी जन्मात केलेलं ते एकच धाडस. गिरजाबाईला कळलं तेव्हा ती स्वतः आली, दिवस भरलेल्या पोटानं, आणि तिनं आपली टोपली आमच्या डब्याच्या पुढं ठेवली. यमुनाला तिनं घरी दिव्याजवळ बसवलं होतं. गावानं हेही पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

परीक्षेचं केंद्र लांब होतं. तिथं मुक्काम करावा लागणार, आणि पोरींना मुक्कामाला धाडायला दोन्ही घरं तयार नव्हती. म्हणून सर स्वतः चालत आमच्या गावी आले. दिवेलागण होती. त्यांनी आधी बाबांशी बोलणं केलं, केंद्राच्या गावी त्यांच्या ओळखीच्या बाई आहेत, पोरी तिथं राहतील, जबाबदारी माझी. मग बौद्धवाड्यात गेले, गिरजाबाईच्या दारात उभं राहून तेच बोलले. यमुनाला सोबत घेऊनच परत आमच्याकडं आले. दोघींचं नक्की झालं. हे मी विसरत नाही. आम्ही मॅट्रिक झालो, ती पुढं बुलढाण्याला नर्स झाली, मी मास्तरीण झाले, ते त्या माणसाच्या पायपिटीमुळे.

मायनं त्यांच्यापुढं ताट ठेवलं. गरम भाकर, झुणका, ठेचा, वर कांदा. यमुना दारापाशी उभी होती. माय म्हणाली, "सर, सांगतल्याशिवाय वाढनं बरं नाई. हे पीठ आत्ताच दळलं. यमुनाच्या घरच्या दळनाच्या मांगं. मधात काई टाकलं नाई."

सरांचा हात भाकरीपर्यंत आलेला होता. तो तिथंच थांबला. ते ताटाकडं पाहत राहिले, मग यमुनाकडं एकदा बघितलं आणि लगेच नजर काढली. "मी जेवूनच निघालो होतो," ते हळूच म्हणाले. "तुमची उगाच गैरसोय झाली." उठले, हात न धुताच पायांत चपला सरकवल्या. बाबा कंदील घेऊन त्यांना शिवारापर्यंत पोचवायला गेले.

ताट तसंच. भाकरीतून वाफ निघत होती. माय जमिनीवर बसली. मग मला म्हणाली, "तो शब्द काय व्हता?"

मी सांगितला. तिनं म्हणून पाहिला, तो तिच्या जिभेला काही वळेना. तेव्हा यमुना आत आली, तिच्याजवळ बसली, आणि एकेक अक्षर सुटं करून तिला सांगितला. माय तिच्या ओठांकडं बघत होती. ऐकून झाल्यावर तिनं ताट पुढं ओढलं, भाकरीचे तीन तुकडे केले.

"हाव," ती मान डोलावून म्हणाली. "हाच शब्द लागते." आणि पहिला तुकडा यमुनाला दिला.